कळंबोलीचा ट्रेलर आणि आपोआप लिहिला जाणारा कोड

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळया भरलेला ट्रेलर सुरतेकडे निघतो, तेव्हा ड्रायव्हरजवळ दोन गोष्टी असाव्या लागतात. एक म्हणजे क्यूआर कोड छापलेले बीजक, म्हणजेच ई-बीजक, आणि दुसरे बारा अंकी क्रमांकाचे ई-वे बिल. दोन्ही मिळवायचे तर व्यापाऱ्याच्या बिलिंग सॉफ्टवेअरला सरकारी सर्व्हरशी बोलावे लागते. वजनकाटा झाला, बिल केले, बटण दाबले की काही सेकंदांत क्रमांक येतो. एखाद्या दिवशी तो येत नाही. गाडी जागच्या जागी उभी, ड्रायव्हरचा तिसरा चहा चाललेला, आणि सॉफ्टवेअरवाल्याचा फोन वाजू लागतो.

त्या फोनचे मूळ शोधत गेले की पुष्कळदा क्लायंट लायब्ररी सापडते. बाहेरच्या वेब सेवेशी बोलणाऱ्या कोडचा हा गठ्ठा. कोणत्या पत्त्यावर जायचे, कोणती फील्डे भरायची, आलेले उत्तर कसे उलगडायचे, हे सगळे त्यात असते. पूर्वी तो हाताने लिहीत. आता सेवेचे वर्णन एका ठरावीक नमुन्याच्या फाइलीत, म्हणजे स्पेकमध्ये, मांडतात आणि जनरेटरच्या हवाली करतात. जावा, सीशार्प, पायथन, हवी त्या भाषेत लायब्ररी तयार होऊन येते. ओपनएपीआय हा या स्पेकचा सर्वांत रूढ नमुना. आधी तो स्वॅगर नावाने ओळखला जाई. २०१५ साली लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला. मे २०१८ मध्ये स्वॅगर कोडजेन या जनरेटरवर काम करणाऱ्या अनेकांनी वेगळी चूल मांडली आणि ओपनएपीआय जनरेटर जन्माला आला.

पहिल्या दिवशी सगळे झकास वाटते. एक आज्ञा दिली की फाइलींचा ढीग तयार. कटकट सुरू होते ती सेवा बदलल्यावर, आणि सरकारी करसेवा बदलत राहतातच. ई-वे बिल राज्याबाहेरच्या वाहतुकीला १ एप्रिल २०१८ पासून लागू झाले, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात २५ मे २०१८ पासून. ई-बीजक १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवरच्या उलाढालीपासून सुरू झाले आणि टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्यांना लागू झाले. तळोजा एमआयडीसीतले मध्यम कारखाने, कळंबोलीतले स्टीलवाले, न्हावा शेव्याकडे माल धाडणारे निर्यातदार, असे बरेच जण या जाळ्यात आले. त्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांसाठी लायब्ररी काढणे हे एका दुपारचे काम होते; सांभाळणे मात्र वर्षानुवर्षांचे आहे.

पनवेलहून गोवा महामार्गाने पुढे गेले की पेण लागते. तिथे गणपतीची मूर्ती साच्यातून निघते आणि डोळ्यांची आखणी हाताने होते. साच्यातच कानाशी खोट असेल तर प्रत्येक मूर्तीचा कान तासत बसणारा कारागीर तिथे विरळाच. तो साचा दुरुस्त करील. जनरेट केलेल्या कोडच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसे नेमका उलटा उद्योग करतात. गाडी अडली आहे, मालक फोनवर ओरडतो आहे, म्हणून तयार फाइलीतच एक ओळ बदलली जाते. तेवढ्यापुरते निभावते. दोन महिन्यांनी दुसरा कोणी नवी स्पेक घेऊन लायब्ररी पुन्हा काढतो, आणि ती ओळ गुपचूप पुसली जाते.

म्हणून जनरेट झालेल्या फाइलीला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. तो पाळायचा तर दुरुस्तीसाठी हक्काची जागा आधी करून ठेवावी लागते. सेवेकडून आलेली मूळ स्पेक जशीच्या तशी एका फोल्डरमध्ये ठेवावी आणि आपल्या दुरुस्त्या वेगळ्या फाइलीत लिहाव्यात. ऑक्टोबर २०२४ मध्ये यासाठी ओव्हरले नावाचा स्वतंत्र नमुनाही प्रसिद्ध झाला आहे: मूळ फाइलीतल्या अमुक जागी अमुक बदल, एवढेच त्यात सांगायचे. ते साधन नको असेल तर छोटी पायथन स्क्रिप्टही चालते. दुरुस्ती कुठे केली, का केली आणि कधी काढून टाकता येईल हे एका जागी वाचायला मिळणे महत्त्वाचे. कुबरनेटिसच्या पायथन लायब्ररीतही कोड जनरेट झाल्यावर ठरावीक पॅचेस स्क्रिप्टने चढवले जातात. इतक्या मोठ्या प्रकल्पाला हे टळत नसेल तर इतरांनी संकोच बाळगायचे कारण नाही. एखादी फाइल हाताने लिहिलेलीच राहू द्यायची असेल तर ओपनएपीआय जनरेटरची ‘इग्नोर’ फाइल आहे. तिच्यात नोंद केली की जनरेटर त्या फाइलीच्या वाटेला जात नाही. ही सोय बेताने वापरावी. इग्नोरची यादी लांबत चालली की जनरेटर नुसता नावाला उरतो.

काही सेवा ओपनएपीआय स्पेक देतच नाहीत. माहितीपाने आणि नमुन्याचे जेसन देतात. अशा वेळी स्पेक आपणच लिहायची. इथे एक प्रामाणिक सल्ला द्यायला हवा. तीन-चारच कॉल लागणार असतील आणि भाषाही एकच असेल, तर जनरेटरच्या नादी लागू नये, हाताने लिहावे. दोन-तीन भाषांत तेच कॉल लागत असतील किंवा फील्डांची संख्या शंभरावर जात असेल, तेव्हा स्पेक लिहिण्याचे कष्ट वसूल होतात. ई-बीजक दुसऱ्या प्रकारात मोडते.

जनरेटरची आवृत्ती गोठवावी. ‘लेटेस्ट’ हा शब्द बिल्डच्या फाइलीत दिसता कामा नये. आज काढलेली लायब्ररी आणि सहा महिन्यांनी त्याच स्पेकमधून काढलेली लायब्ररी हुबेहूब सारखी निघाली पाहिजे. नाही निघाली तर फरक सेवेमुळे पडला की जनरेटरमुळे, हे सांगणे अवघड. त्याच कारणाने स्पेक आणि जनरेटर कधीही एका बदलात वर न्यायचे नाहीत. आधी जुन्याच स्पेकवर नवा जनरेटर चालवावा, निघालेला फरक वाचावा, मर्ज करावा. मग नवी स्पेक घ्यावी. जनरेट झालेला कोड रेपोत ठेवावा की बिल्डच्या वेळी काढावा, यावर दोन तट आहेत. चार-पाच जणांच्या टीमने तो रेपोतच ठेवलेला बरा. डिफ डोळ्यांसमोर येतो, आणि बदल ओळखायचा त्याहून स्वस्त मार्ग नाही. गूगलच्या पायथन लायब्ररीचा अनुभव इथे बोलका आहे. तिथे सेवेचे वर्णन आधी प्रोग्राम चालू असताना नेटवरून आणले जाई. २०२१ मध्ये आवृत्ती २ आली तेव्हा ही वर्णने पॅकेजमध्येच भरण्यात आली. पॅकेज फुगले, पण कोणत्या आवृत्तीत कोणते वर्णन आहे हे पक्के झाले.

आता स्पेकच्या आत डोकावू. महाराष्ट्राचा जीएसटी राज्य कोड २७. ई-वे बिलाच्या जेसनमध्ये राज्याचा कोड अंक म्हणून जातो, ई-बीजकाच्या जेसनमध्ये अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून. एकाच व्यापाऱ्याचा, एकाच मालाचा, एकाच दिवशीचा व्यवहार, आणि २७ दोन जातींचा. दोन्ही सेवांसाठी मिळून ‘पत्ता’ नावाचा एकच सामाईक साचा करण्याचा मोह इथे होतो, तो आवरावा. मजकुराचा कोड अंक करून साठवला तर महाराष्ट्राला काही होत नाही, म्हणून चूक पनवेलमध्ये महिनोन्‌महिने दिसत नाही. पहिले बिल दिल्लीच्या गिऱ्हाइकाचे निघते आणि ०७ चे ७ होते. त्या कोडशी जीएसटीआयएनचे, म्हणजे जीएसटी नोंदणी क्रमांकाचे, पहिले दोन अंक ताडून पाहणारी ओळ कुठे असेल तर ती तिथेच अडते.

ई-वे बिलाच्या क्रमांकाची गंमत वेगळी. तो बारा अंकी. स्पेकमध्ये नुसते ‘इंटिजर’ लिहिले आणि आकाराचा उल्लेख केला नाही तर ओपनएपीआय जनरेटर जावासाठी ३२ बिटांचा पूर्णांक घेतो, ज्यात २,१४,७४,८३,६४७ च्या पुढची संख्या मावत नाही. म्हणजे दहा अंकांवरच खेळ खलास. ‘इंट ६४’ असे फॉरमॅट लिहिले की प्रश्न मिटतो. त्याहून बरे म्हणजे, सेवा ज्या प्रकारात पाठवते तसाच क्रमांक उतरवून घ्यायचा आणि आपल्या आतल्या कोडमध्ये तो मजकूर म्हणूनच फिरवायचा; ई-वे बिलांची बेरीज कोणी करत नाही. रकमांचे याच्या उलट. जावात ‘नंबर’ला ‘डबल’ फॉरमॅट लावले की पैशांचे गणित तरंगत्या अपूर्णांकात होते. फॉरमॅट सोडून दिले तर अचूक दशांश प्रकार मिळतो. तारखांचेही बघून घ्यावे. ही बिले दिवस, महिना, वर्ष अशा क्रमाने, मध्ये तिरप्या रेघा देऊन तारीख मागतात. स्पेकमध्ये सवयीने ‘डेट’ लिहिले की जनरेटर वर्षापासून सुरू होणारी तारीख गृहीत धरतो. अशा ठिकाणी साधा मजकूर आणि सोबत नमुना-नियम लिहावा.

सर्वांत जास्त गाड्या अडवण्याची ताकद असते ती एनममध्ये, म्हणजे ठरावीक मूल्यांच्या बंद यादीत. राज्यांची यादी ही कधी न बदलणारी गोष्ट, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी लडाख वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला आणि त्याला ३८ कोड मिळाला. २६ जानेवारी २०२० रोजी दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली एकत्र झाले; दमणचा २५ गेला, दोघांना मिळून २६ उरला. दमण आणि सिल्वासा हे मुंबई-पनवेल पट्ट्यातल्या मालाचे नेहमीचे ठिकाण. ज्या लायब्ररीत राज्ये एनममध्ये बंद होती, तिथे नवा कोड म्हणजे उत्तर उलगडतानाच उडणारी चूक. मग २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले, बहुतेक वस्तूंवरचे १२ आणि २८ टक्के गेले, ४० टक्क्यांचा नवा टप्पा आला. करदर कोणी एनममध्ये कोंबले असतील तर त्यांची ती रात्र कशी गेली असेल, याची कल्पना करता येते.

यातून निघणारी रीत अशी. आपण पाठवतो त्या मूल्यांवर बंधन हवे तर ठेवावे; सेवेकडून येतात त्यांना मोकळे सोडावे. ओपनएपीआय जनरेटरमध्ये काही भाषांसाठी अनोळखी मूल्याला राखीव खण देण्याचा पर्याय आहे, तो चालू करावा. दर, राज्ये, मोजमापाची एकके, बंदरांचे कोड हा सगळा माल लायब्ररीच्या बाहेर, तक्त्यात ठेवावा. तक्ता बदलायला नवे रिलीज लागत नाही.

काही बदल स्पेकमध्ये दिसतच नाहीत. जेसनचा आकार तोच, फील्डे तीच, तरी वागणूक वेगळी. १ जून २०२५ पासून ई-बीजकाचा क्रमांक लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत भेद न करता, सगळा मोठ्या अक्षरांत रूपांतरित करून धरला जातो आणि त्यावर आयआरएन, म्हणजे बीजकाची ६४ अक्षरी ओळख, बेतला जातो. लहान अक्षरांत बिल नंबर टाकायची सवय असलेल्या दुकानात, साठवलेला नंबर आणि परत आलेला नंबर जुळत नाही. लायब्ररी मात्र सगळे ठीक असल्याचे सांगते. १ जानेवारी २०२५ पासून १८० दिवसांपेक्षा जुन्या दस्तऐवजावर ई-वे बिल निघत नाही. १ जानेवारी २०२१ पासून साध्या मालाच्या ई-वे बिलाची मुदत १०० ऐवजी २०० किलोमीटरला एक दिवस अशी धरली जाते. यातले एकही डिफमध्ये उमटणार नाही. त्यासाठी टीममधल्या एका माणसाच्या नावावर पोर्टलवरच्या सूचना वाचण्याचे काम लिहून ठेवावे आणि प्रत्येक सूचनेसमोर एकच प्रश्न विचारावा: आकार बदलला की नियम? आकार बदलला तर स्पेककडे, नियम बदलला तर हाताने लिहिलेल्या थराकडे.

हा हाताचा थर म्हणजे जनरेट झालेल्या लायब्ररीवरचे पातळ आवरण. व्यापाऱ्याच्या सॉफ्टवेअरने फक्त त्याच्याशी बोलावे, आतल्या कोडला थेट हाक मारू नये. ई-बीजकात हा थर टाळताच येत नाही. लॉगिन केल्यावर टोकन मिळते, ते सहा तास चालते. सोबत एक किल्ली येते आणि बीजकाचा मजकूर तिने कुलूपबंद करून पाठवावा लागतो. जनरेटरला हे संस्कार ठाऊक नसतात. शिवाय पोर्टल एकच नाही. सरकारी एनआयसीच्या बरोबरीने खासगी कंपन्यांनाही बीजक नोंदणीची पोर्टले चालवायची परवानगी मिळाली, त्यांत वाशीची आयरिसही आहे. बीजकाचा नमुना सगळीकडे एक. पत्ता आणि ओळख पटवण्याची तऱ्हा वेगळी असू शकते. म्हणून बीजकाचा साचा एकदाच जनरेट करावा आणि पोर्टलनिहाय फरक आवरणात ठेवावेत.

आवरणातली सर्वांत नाजूक जागा म्हणजे पुन्हा प्रयत्न करणे. नेट गेले, उत्तर आले नाही, तर कॉल परत पाठवायचा, असा पर्याय कित्येक लायब्ररींत असतो. बीजकाच्या बाबतीत तो डोळे झाकून चालू करू नये. पहिली विनंती पोहोचलेली असू शकते, फक्त उत्तर वाटेत हरवलेले असते. दुसऱ्या विनंतीला २१५० ही चूक येते: या बीजकाचा आयआरएन आधीच तयार आहे. त्याच उत्तरात आधीच्या आयआरएनचा तपशीलही असतो, पण कित्येक लायब्ररी चुकीचा कोड दिसताच उरलेले उत्तर फेकून देतात आणि पडद्यावर लाल पट्टी दाखवतात. कारकून बिल नंबर बदलून पुन्हा पाठवतो; झाले, एका मालावर दोन बीजके. चुकीच्या उत्तराचाही साचा स्पेकमध्ये पूर्ण लिहावा, आणि २१५० ला अपयश न मानता त्यातून आयआरएन उचलावा.

नावांबद्दल थोडेसे. स्पेकमधल्या प्रत्येक कॉलला ऑपरेशन आयडी असतो आणि जनरेटर त्यावरूनच फंक्शनचे नाव ठरवतो. तो दिला नाही तर पत्त्यावरून काहीतरी लांबलचक नाव बनते आणि पत्ता बदलला की नावही बदलते. आयडी स्वतः द्यावा आणि एकदा दिलेला बदलू नये, कितीही कुरूप वाटला तरी.

तपासणीसाठी सेवेचे सँडबॉक्स वापरावे हे खरेच, पण केवळ त्याच्यावर विसंबून राहू नये. ते बंद असेल त्या दिवशी आपले काम थांबेल. खरी उत्तरे जपून ठेवावीत, त्यांतली नावे, जीएसटीआयएन आणि रकमा बदलाव्यात, आणि प्रत्येक नव्या लायब्ररीने ती उलगडून पुन्हा जेसन करून दाखवावीत. आत गेले ते बाहेर आले पाहिजे, ०७ चे ०७ च. नमुने निवडताना साधी बिले कमी, वाकडी बिले जास्त घ्यावीत. तळोज्यातून न्हावा शेवामार्गे परदेशी जाणाऱ्या मालाचे बीजक हा चांगला नमुना आहे: खरेदीदाराच्या जीएसटीआयएनच्या जागी ‘यूआरपी’, पिनकोड ९९९९९९, राज्य ९६, बंदर आयएनएनएसए१. सहा अंकी पिनकोडवर कोणी कडक नियम लावला असेल, ९६ राज्यांच्या यादीतून वगळला असेल, तर या एका बीजकात सगळे उघडे पडते. दुसरा नमुना मेट्रिक टनांत, तीन दशांश स्थळांपर्यंत वजन असलेल्या सळयांचा. तिसरा २१५० चा.

राहता राहिली आवृत्तीची गोष्ट. सेवेची आवृत्ती आणि लायब्ररीची आवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी, तरी त्यांचे नाते वाचणाऱ्याला चटकन समजले पाहिजे. कुबरनेटिसची पायथन लायब्ररी यात सरळ वागते: १७ ही आवृत्ती कुबरनेटिस १.१७ साठी, १८ ही १.१८ साठी. ज्यांना इतके सोपे जमत नाही त्यांनी निदान कोणत्या स्पेकवरून आणि कोणत्या जनरेटरने ही लायब्ररी निघाली, हे लायब्ररीच्या आतच लिहून ठेवावे. फंक्शनचे नाव किंवा फील्डचा प्रकार बदलला असेल तर आवृत्तीचा पहिला आकडा वाढवावा, मग बदल जनरेटरच्या लहरीने झालेला का असेना. व्यापाऱ्याच्या सॉफ्टवेअरला कारणाशी देणेघेणे नसते, त्याचा बिल्ड मोडतो एवढे खरे.

रिलीजची वेळ पाहून ठरवावी. महिनाअखेर आणि ३१ मार्चचा आठवडा वर्ज्य; तेव्हा बाजारात बिलांचा पूर असतो आणि १ एप्रिलला बिल नंबरांची नवी मालिका सुरू होते. प्रत्येक कॉलच्या हेडरमध्ये लायब्ररीची आवृत्ती पाठवावी आणि ती आपल्या लॉगमध्ये नोंदवावी, म्हणजे कोणते गिऱ्हाईक अजून जुनीच चालवते आहे ते कळते. जुनी आवृत्ती बंद करण्याआधी त्या नोंदी उघडून, जे दोन-चार व्यापारी मागे राहिले असतील त्यांना फोन करावा. ईमेल कळंबोलीत दुपारी दोनच्या आत कोणी वाचत नाही.